'पुस गेट्स द बूट': बोक्याला घराबाहेर काढलं, हा न्याय झाला का?

रानजाई
१९४० सालचा हा टॉम आणि जेरीचा पहिलाच लघुपट. बोक्याचं नाव तेव्हा जॅस्पर होतं. उंदराच्या मागे धावताना तो कुंडी ठेवलेला खांब पाडतो आणि घर सांभाळणारी बाई बजावते की आणखी काही फुटलं तर तुझा मुक्काम बाहेर. उंदीर हे ऐकतो. मग तो हाती लागेल ती काचेची वस्तू खाली टाकत सुटतो. बोका बिचारा उशा अंथरतो, बशांची चळत तोल सांभाळत धरून ठेवतो. शेवटी सगळं फुटतं, बोका बाहेर जातो आणि उंदीर बिळापाशी 'होम स्वीट होम'ची पाटी लावतो.

मला हा शेवट अजिबात पटत नाही. पेला खाली टाकायच्या बेतात हातात धरून उभं राहिल्याबरोबर उंदराचा जीव वाचला होता. बोका त्याला बोटही लावू शकत नव्हता. तरीही उंदीर थांबत नाही. उत्तरार्धात त्या घराच्या बशा जपणारा एकटा जॅस्परच आहे, आणि हाकललं जातं त्यालाच.

पाऊलवाट
पूर्ण असहमत. सुरुवात विसरलात का? बोका उंदराची शेपटी धरून त्याला जागच्या जागी पळवतो. मग शाईने भिंतीवर खोटं बीळ काढतो. जीव मुठीत घेऊन पळणारा उंदीर त्या चित्रावर जाऊन आपटतो. ज्याला लपायला एवढं एकच भोक आहे, त्याला तेच खोटं काढून दाखवायचं! भुकेसाठीही नाही, निव्वळ करमणूक म्हणून. मला या लघुपटातली सर्वांत क्रूर गोष्ट हीच वाटते.

पेला धरून उभं राहा म्हणता, पण किती वेळ? हात दुखले की संपलं. बोक्याचं छप्पर जाणार होतं, उंदराचा जीव जाणार होता. ही बरोबरी कशी होईल?

जुनंखोड
रानजाईंशी सहमत. स्वतःला वाचवणं वेगळं आणि दुसऱ्याला बेघर करणं वेगळं.

नदीकाठ
तुम्ही दोघांचीच बाजू तोलताय. नियम करणारी तिसरीच आहे. कोणी फोडलं हे ती बघतच नाही, फुटलं की बोका दोषी. असा नियम असला की दुबळ्याला तोच हत्यार म्हणून वापरावा लागतो. उंदराने तेवढंच केलं.

त्या बाईबद्दलही बोलायला हवं. आवाज लिलियन रँडॉल्फ यांचा, चेहरा जवळपास कधीच दिसत नाही. कृष्णवर्णीय मोलकरणीचा तो अमेरिकी साचा आज बघताना खुपतो, आणि खुपायलाच हवा. तेव्हाही त्यावर आक्षेप घेतले गेले होते.

पाऊलवाट
नदीकाठ, हेच म्हणायचं होतं. आणि प्रेक्षकांचाही कौल बघा. निर्माते फ्रेड क्विंबी यांना या जोडीचे आणखी लघुपट काढण्यात रस नव्हता. टेक्सासमधल्या बेसा शॉर्ट या चित्रपटगृहवाल्या बाईंनी पत्र लिहून आणखी मागितले. पुढे ऑस्करचं नामांकनही मिळालं. लोकांना उंदीर दुष्ट वाटला असता तर असं झालं असतं का?

रानजाई
पण मागणी दोघांनाही होती, एकट्या उंदराला नाही. १९४१च्या 'द मिडनाइट स्नॅक'मध्ये बोका पुन्हा त्याच बाईच्या घरात आहे, आता टॉम या नावाने. ही जोडी घडवणाऱ्या हॅना आणि बार्बेरा यांनाही त्याला कायमचं बाहेर ठेवणं जमलं नाही. शाईच्या बिळाबद्दल मात्र तुमचं खरं आहे, तो प्रसंग क्रूरच आहे. त्यासाठी त्याला शिक्षा झाली असती तर मी ती मान्य केली असती. झाली ती बशांसाठी.

पाऊलवाट
शाईच्या बिळाची शिक्षा त्या घरात कोण देणार होतं? बाईला ते दिसलंही नाही. उंदराने स्वतः दिली.