मदत हवी आहे : हिरण्यकेशीच्या उगमाचा उन्हाळी प्रवाह कसा मोजावा?

आंबोलीच्या गुहेतून निघणारी हिरण्यकेशी अरबी समुद्राच्या इतक्या जवळ उगम पावूनही पूर्वेकडे वळते आणि घटप्रभेमार्फत कृष्णेला मिळते. तिच्या उगमापाशी २०२० मध्ये ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ ही माशाची नवी जात नोंदवली गेली आणि २०२१ मध्ये ती जागा जैविक वारसा स्थळ ठरली. जांभ्याच्या सड्यात (सपाट खडकाळ पठारात) मुरलेले पावसाचे पाणी उन्हाळ्यातही झिरपत राहते, हे समजते. परंतु तळाचे गोटे न हलवता (हे मासे तळाशीच वावरतात) मे महिन्यातील प्रवाह कसा मोजावा? तरंगत्या वस्तूवरून वेग काढण्याची पद्धत एवढ्या उथळ धारेत मला भरवशाची वाटत नाही, आणि खाचेची फळी (जिच्या खाचेतून वाहणाऱ्या पाण्याच्या उंचीवरून प्रवाह काढतात) धारेत आडवी लावल्यास माशांची वाटच अडेल. अशा ओढ्यावर काम केलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.