मॅकब्राइडला तुरुंगात घालायला हवं होतं का?

नदीकाठ:
डेव्हिड मॅकब्राइड हा ऑस्ट्रेलियन लष्करातला वकील. अफगाणिस्तानात दोनदा जाऊन आला, गोपनीय कागदपत्रं घरी आणली आणि पुढे तिथल्याच एबीसी वाहिनीच्या पत्रकारांना दिली. त्यातून जुलै २०१७ मध्ये 'अफगाण फाइल्स' ही वृत्तमालिका आली. विशेष दलांच्या कारवायांत निःशस्त्र माणसं, लहान मुलंसुद्धा कशी मारली गेली, ते लोकांना कळलं. २०२० मध्ये लष्करानेच केलेल्या चौकशीच्या ब्रेरेटन अहवालाने ३९ जणांच्या बेकायदा हत्यांची विश्वासार्ह माहिती असल्याचं सांगितलं. आणि मे २०२४ मध्ये तुरुंगात गेला मॅकब्राइड! ५ वर्षं ८ महिने. तोवर त्या हत्यांबद्दल एकाही सैनिकाला शिक्षा झालेली नव्हती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

जुना_फौजी:
संन्यासी कसला? दोनशेहून जास्त कागद, बहुतेकांवर 'सिक्रेट'चा शिक्का, आणि ठेवले कुठे, तर घरच्या कपाटात, प्लास्टिकच्या डब्यांत. पायदळात २२ वर्षं काढली मी. कुठल्या ओळीवरून शत्रूला काय कळेल, हे कागद नेणाऱ्याला ठाऊक असतंच असं नाही. गस्तीची वेळ, खबऱ्याचं गाव... एवढं पुरतं. ज्याला वाटलं त्याने फाइल उचलली तर पलटण चालायची कशी?

खवचट_खार:
नदीकाठ, तुम्ही खरी गंमत गाळलीत. मॅकब्राइडची मूळ तक्रार हत्या दडपल्या जातात अशी नव्हतीच. वरिष्ठ स्वतःची प्रतिमा जपायला सैनिकांच्या मागे नको तितक्या चौकशा लावतात, असं त्याचं म्हणणं होतं. पत्रकारांनी तेच कागद वाचले आणि त्यांना भलतंच दिसलं. तुमचा जागल्या चोर आला म्हणून ओरडतच नव्हता. तो पोलिसांच्या नावाने ओरडत होता!

नदीकाठ:
मान्य, हे लिहायला हवं होतं. पण त्याने काय बिघडतं? कागद खरे निघाले ना? हेतू त्याच्यापाशी राहू द्या. आणि तो आधी आतच तक्रार घेऊन गेला होता, मग पोलिसांकडे, पत्रकार शेवटी.

जुना_फौजी:
बिघडतं कसं नाही? हेतू बघायचा नसेल तर अमेरिकन हवाई दलाच्या नॅशनल गार्डमधला, मॅसॅच्युसेट्सचा तो जॅक टिशेराही तुमचा जागल्याच. युक्रेन युद्धाचे गुप्त कागद त्याने डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवरच्या टोळक्यात टाकले. २०२४ मध्ये १५ वर्षांची शिक्षा झाली. त्याचेही कागद खरेच होते की!

माहेरवाशीण:
काका, टिशेराने कुठला गुन्हा उघडकीला आणला? माझ्या लेखी फरक तिथे आहे, हेतूत नाही. आणि 'योग्य मार्गाने जा' म्हणणाऱ्यांनी जो डार्बीचं काय झालं ते बघावं. इराकमधल्या अबू गरेब तुरुंगातल्या छळाच्या फोटोंची सीडी या अमेरिकन सैनिकाने जानेवारी २००४ मध्ये लष्कराच्याच तपास विभागाला दिली. नाव गुप्त ठेवू म्हणाले. मे महिन्यात संरक्षणमंत्री रम्सफेल्ड यांनी सिनेटसमोर, टीव्हीवर सगळं दिसत असताना, त्याचं नाव घेतलं. कौतुकानेच घेतलं हो, पण गावाने गद्दार ठरवलं आणि त्याला घरी परतता आलं नाही.

जुना_फौजी:
तरी चौकशी झाली, शिक्षाही झाल्या. आतल्या दाराने काम झालंच ना?

माहेरवाशीण:
एप्रिलमध्ये सीबीएस या अमेरिकन वाहिनीने फोटो दाखवले तेव्हा जगाला कळलं. दारापेक्षा खिडकीचं काम जास्त होतं ते. आपल्याकडेही देवळालीत २०१७ मध्ये जवानांना साहेबांच्या घरी राबवण्यावर छुप्या कॅमेऱ्याने बातमी झाली, तर पत्रकार बाईंवर ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्ट लावला. कुत्रं फिरवायला नेणं हे कसलं राष्ट्रीय गुपित? मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तो गुन्हा रद्द केला.

जुना_फौजी:
ते चूकच होतं. साहेबाची अब्रू आणि देशाचं गुपित या दोन गोष्टी वेगळ्या, शिक्का मात्र एकच मारतात. पण म्हणून नकाशे वाटत सुटायचे नाहीत. आमच्याकडे दरबार असतो, पलटणीच्या प्रमुखासमोर, म्हणजे सीओ साहेबांसमोर, कुठलाही जवान उभा राहून बोलू शकतो.

खवचट_खार:
२२ वर्षांत किती जण उभे राहिलेले पाहिलेत?

जुना_फौजी:
दोन. त्यातला एक मीच. विषय लंगरातलं तेल.

खवचट_खार:
मग, बदललं?

जुना_फौजी:
तेल नाही. माझी बदली झाली.