जोडीने सायफाय आणि ॲनिमे : पहिल्या काही मालिका कुठल्या?

निवांत
दोघांनी मिळून बघण्यासाठी मालिका सुचवा. एकाला सायफाय आवडतं, पण तो ॲनिमेच्या, म्हणजे जपानी ॲनिमेशनच्या, वाटेला कधी गेलेला नाही. दुसरीने ॲनिमे भरपूर पाहिलंय, पण यान-ग्रह-लेझर सुरू झालं की तिचं लक्ष उडतं. रोज पाऊण तास हाताशी असतो. कथा पूर्ण झालेली हवी, शंभराच्या वर भाग नकोत. डब (दुसऱ्या भाषेत आवाज दिलेलं) बघावं की सबटायटल्स, तेही सांगा.

कक्षेबाहेर
या वर्णनाला 'प्लानेटेस' (२००३) चपखल बसते. २६ भाग. साल २०७५ आणि पृथ्वीभोवती फिरणारा अंतराळकचरा गोळा करणाऱ्यांची नोकरी. सुरुवातीलाच एक साधा स्क्रू प्रवासी यानाच्या खिडकीवर येऊन आदळतो, आणि मालिकेचा विषय तिथेच कळतो. खालच्या कक्षेत वस्तू सेकंदाला सात-आठ किलोमीटर वेगाने फिरतात, त्यामुळे समोरून आलेला स्क्रूसुद्धा तोफगोळ्यासारखा लागतो. सायफायवाल्याला हवं ते इथे मिळतं. जिला यानं नकोत तिला यात ऑफिस दिसेल : कायम पैशांची चणचण असलेला विभाग, नव्याने रुजू झालेली मुलगी, आणि तिचं एका तिरसट सहकाऱ्याशी हळूहळू जमत जाणं.

एक धोका आधीच सांगतो. सुरुवातीचे भाग सुटे आणि हलकेफुलके आहेत, काही विनोद तर ओढूनताणून आणलेले. बरेच जण तिथेच सोडून देतात. खरा ऐवज उत्तरार्धात आहे, गुरूच्या मोहिमेसाठी माणसं निवडायला सुरुवात होते तिथून पुढे. तोवर दम धरा.

वेळेचा हिशेब : ॲनिमेचा भाग साधारण २४ मिनिटांचा. ओपनिंग आणि एंडिंग (सुरुवातीचं आणि शेवटचं गाणं) प्रत्येकी दीड मिनिट, ती पुढे ढकलली की २१ उरतात. म्हणजे पाऊण तासात दोन भाग आरामात होतात. पण ओपनिंग पहिल्यांदा पूर्ण बघा. 'प्लानेटेस'च्या ओपनिंगमध्ये रॉकेटचा इतिहासच चितारलाय.

त्यानंतर 'काउबॉय बीबॉप' (१९९८), हेही २६ भाग. बहुतेक कथा सुट्या. मुख्य सूत्र ५, १२, १३, २५ आणि २६ या भागांत. यातले १२-१३ आणि २५-२६ एकाच बैठकीत बघा, मध्ये तोडू नका. आवडतंय की नाही, ते पाचव्या भागानंतर ठरवा. चर्चमधली चकमक संपते आणि नायक रंगीत काचेच्या खिडकीतून खाली कोसळतो. ते कोसळणं इतकं लांबवलंय की त्याचा सगळा भूतकाळ त्या वेळात तुकड्यातुकड्यांनी येऊन जातो, मागे फक्त गाणं. ॲनिमे म्हणजे पोरांची कार्टून असं ज्याला वाटतं, त्याला हा एक प्रसंग पुरेसा आहे.

चौथी मिती
'प्लानेटेस'ला अनुमोदन, पण तिसरा पर्याय म्हणून 'स्टाइन्स;गेट' (२०११, २४ भाग) हवीच. कालप्रवास आहे, पण यान एकही नाही. तोक्योतल्या अकिहाबारातली एक भाड्याची खोली, मायक्रोवेव्हला जोडलेला मोबाइल आणि भूतकाळात जाणारे मेसेज, एवढ्यावर सगळा डोलारा उभा आहे.

'तीन भाग बघून ठरवू' हा नियम इथे लावू नका. पहिले अकरा भाग संथ आहेत आणि ते मुद्दाम तसे आहेत : मित्रांची बडबड, फुटकळ प्रयोग, किरकोळ वाटणारे मेसेज. बाराव्या भागात कथा पलटते आणि मग त्यातल्या प्रत्येक मेसेजची किंमत वसूल होत जाते. बारा भागांची तयारी असेल तरच सुरू करा. पहिला भाग संपल्यावर दोघांनी त्यात काय काय खटकलं ते लिहून ठेवा. शेवटच्या भागात ती यादी काढून बघायला फार मजा येते. एका मित्राच्या तोंडी चावट शेरे आहेत आणि एका पात्राच्या लिंगओळखीवरचे विनोद आज खटकतात, हे आधी माहीत असलेलं बरं. 'स्टाइन्स;गेट ०' (२०१८) ही वेगळी मालिका, ती या २४ भागांनंतरच. मूळ मालिकेच्या तेविसाव्या भागाची एक पर्यायी आवृत्ती आहे आणि ती मध्येच घुसवा असं काही जण सांगतात. पहिल्या वेळी तसं करू नका, ती '०'कडे नेणारी वाट आहे.

दिगंत
ॲनिमेबाहेरचं सांगतो. 'डार्क' (२०१७ ते २०२०) जर्मन, तीन सीझन, १०, ८ आणि ८ भाग. भाग साधारण पाऊण ते एक तासाचा, म्हणजे तुमच्या वेळेत एकच, आणि तोही कधी कधी उरेल. फोन हातात घेऊन बघायची ही मालिका नाही. कागदावर चार आडनावं लिहा : कानवाल्ड, निल्सन, डॉपलर, टीडेमान. प्रत्येक नवं पात्र आलं की त्याच्या आडनावाखाली नाव आणि साल टाका. एक जण बघताना दुसऱ्याने लिहायचं, पुढच्या भागाला अदलाबदल. पात्राचं नाव नेटवर अजिबात शोधू नका. शोधपट्टीत नाव अर्धं टाइप केलं तरी खाली 'अमक्याची आई', 'तमक्याचा मृत्यू' असल्या सूचना येतात आणि तीन सीझनचं कोडं तिथेच फुटतं.

'फायरफ्लाय' (२००२) फक्त १४ भागांची. प्रक्षेपणात भागांचा क्रम उलटसुलट झाला होता, पायलट, म्हणजे कथेचा पहिला भाग, सर्वांत शेवटी दाखवला गेला. तुमच्या यादीत पहिला भाग 'सेरेनिटी' आहे ना, तेवढं तपासा. 'द ट्रेन जॉब' पहिला असेल तर तो जुना क्रम. मालिका अर्धवट बंद पडली, पण २००५च्या चित्रपटाने बरीच सूत्रं बांधली आहेत.

'बॅटलस्टार गॅलॅक्टिका'ही पुढेमागे घ्यालच. तिचा आरंभ २००३च्या लघुमालिकेत आहे आणि ती बऱ्याचदा वेगळी ठेवलेली असते. थेट '३३' या भागापासून सुरू केलंत तर कोण कोणापासून पळतंय तेच कळणार नाही.

निवांत
आभार! 'प्लानेटेस'ने सुरू करतो. दोन शंका : टीव्हीवर ॲनिमेतल्या आकृतींच्या कडा मध्येच विरघळल्यासारख्या दिसतात. आणि जपानी आवाज ठेवून सबटायटल्स लावली तर जे बोलतात त्याच्याशी ती जुळत नाहीत.

पडदापारखी
कडांचा दोष टीव्हीच्या मोशन स्मूदिंगचा, म्हणजे हालचाल गुळगुळीत दाखवणाऱ्या सोयीचा. ॲनिमे सेकंदाला २४ फ्रेमचं असतं, पण एकेक चित्र दोन-तीन फ्रेम तसंच धरून ठेवतात, म्हणजे प्रत्यक्षात सेकंदाला १२ किंवा ८ चित्रं. टीव्ही मधली चित्रं स्वतःच्या अंदाजाने भरतो आणि ओठ, बोटं, केस चिघळतात. पिक्चर सेटिंगमध्ये हा पर्याय शून्यावर आणा किंवा सिनेमा, फिल्ममेकर अशा नावाचा मोड निवडा. हे सेटिंग प्रत्येक एचडीएमआय पोर्टला वेगळं असू शकतं, म्हणून ज्या पोर्टवर बघता तिथेच बदला.

सबटायटल्सचं कारण : 'सीसी' (क्लोज्ड कॅप्शन) लिहिलेला ट्रॅक सहसा इंग्रजी डबच्या संवादांवरून केलेला असतो. जपानी आवाजाबरोबर 'सीसी' नसलेला ट्रॅक निवडा. उलट, डब बघत असाल तर फक्त पाट्या आणि गाण्यांची भाषांतरं असलेला ट्रॅक मिळतो का बघा. 'स्टाइन्स;गेट'मध्ये निम्मी गोष्ट फोनच्या पडद्यावर घडते, ती सुटली तर डबचा उपयोग नाही.

संवाद बारीक आणि स्फोट कानठळ्या बसवणारे असतील, तर ५.१चा (सहा स्पीकरसाठी केलेला) आवाज दोन स्पीकरवर उतरतोय. आवाजाच्या यादीतून स्टीरिओ घ्या. दोघांचे ब्लूटूथ हेडफोन वेगळे असतील तर उशीरही वेगवेगळा असतो, मग एक जण हसून झाल्यावर दुसरा हसतो. एकाच मॉडेलचे वापरा नाहीतर तार लावा. आणि ऑटोप्ले बंद ठेवा : एंडिंगनंतर कधी कधी छोटासा प्रसंग असतो, तो कापला जातो.

चौथी मिती
डब की सबटायटल्स, याचं माझं उत्तर मालिकेनुसार बदलतं. 'बीबॉप'चा इंग्रजी डब निर्धास्त बघा. 'डार्क' मूळ जर्मनमध्येच.

ॲनिमे बघून झालेल्या व्यक्तीसाठीही एक सांगतो. दोघांपैकी एकाने मालिका आधी पाहिली असेल, तर महत्त्वाचा प्रसंग आला की जोडीदाराच्या चेहऱ्याकडे बघायचं नाही. 'आता बघ हं' म्हणण्याइतकाच तो स्पॉयलर आहे. त्यापेक्षा दोघांनाही नवीन असलेली मालिका घ्या. 'प्लानेटेस' तिने पाहिली आहे का, ते आधी विचारा.

निवांत
विचारलं. नाही पाहिलेली. ऑटोप्ले आणि स्मूदिंग दोन्ही बंद केलंय.