वेबसाइटवरचा व्हिडिओ अडखळतो तेव्हा : आपापले अनुभव लिहा

नौपाडा, ठाणे (धागा सुरू करताना)

माझा तबल्याचा वर्ग आहे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये वर्ग बंद पडला तेव्हा पाठ फोनवर चित्रित करून वर्गाच्या छोट्या वेबसाइटवर लावायला सुरुवात केली. काही यूट्यूबवर चढवून तिथून पानावर बसवलेले, काही थेट होस्टिंगवर, म्हणजे आमची वेबसाइट ज्या सर्व्हरवर आहे तिथेच. वर्ग पुन्हा भरू लागला तरी पाठ राहिले, कारण कासारवडवलीहून किंवा खारघरहून आठवड्यातून दोनदा नौपाड्यात येणं शाळकरी मुलांना झेपत नाही. आज तिथे ४६ पाठ आहेत आणि तक्रार पहिल्या दिवसापासून एकच : "सर, व्हिडिओ अडकतो."

दोन वर्षं मी सगळ्यांना "तुझं नेट बघ" एवढंच सांगत राहिलो. मग त्यातली एक मुलगी प्रत्यक्ष वर्गाला आली. पढंत (बोल तोंडाने म्हणणं) स्वच्छ, कायदा (बोलांची ठरलेली रचना) तोंडपाठ, पण तिरकिट हा चार अक्षरांचा बोल वाजवताना बोटं भलतीकडेच पडत होती. तिच्या लॅपटॉपवर पाठ लावून पाहिला तेव्हा उलगडा झाला. आवाज अखंड येत होता, चित्र मात्र उड्या मारत होतं. मी हिशोब मांडला. मात्रा अर्ध्या सेकंदाची आणि तिरकिट एका मात्रेत बसवलेलं, तर एकेका अक्षराच्या वाट्याला सव्वाशे मिलिसेकंद येतात. सेकंदाला ३० चित्रं असतील तर तेवढ्या वेळात जेमतेम चार चित्रं. ती चार गळाली की 'र' कुठल्या बोटाने वाजला ते दिसतच नाही. जे दिसलं नाही ते मुलीने स्वतःच्या अंदाजाने भरून काढलं होतं. सहा महिन्यांचा हात मोडून पुन्हा बसवावा लागला आणि तिचा त्यात काही दोष नव्हता.

तेव्हापासून तक्रार आली की मी पहिल्यांदा एकच विचारतो : मधे गोल चक्र फिरतं, की आवाज चालू राहून चित्र अडखळतं? चक्र फिरत असेल तर माहिती वेळेवर पोचत नाहीये. दोष नेटचा, वायफायचा किंवा व्हिडिओ जिथे ठेवलाय त्या सर्व्हरचा. आवाज सलग आणि चित्र तुटक असेल, तर माहिती पोचली आहे, पण ती उलगडायला यंत्राला वेळ पुरत नाही. प्लेअर आवाजाच्या घड्याळाने चालतो. उशिरा तयार झालेलं चित्र तो गाळतो आणि पुढे जातो.

तिसरा प्रकारही भेटला. काही मुलांना नुसता आवाज यायचा आणि चित्राच्या जागी काळी चौकट. माझा नवा फोन व्हिडिओ दाबून लहान करायच्या 'एचईव्हीसी' पद्धतीने चित्रण करत होता आणि ती फाइल मी तशीच होस्टिंगवर टाकत होतो. ती पद्धत उलगडणं सगळ्या ब्राउझरना जमत नाही. फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडलं, तेव्हापासून चित्रण जुन्या, सगळीकडे चालणाऱ्या एच.२६४ पद्धतीत होतं.

ठाणे-नवी मुंबईत तुमच्याकडे काय झालं, काय करून पाहिलं आणि खरा फरक कशाने पडला ते लिहा. जे सुटलं नाही तेही लिहा.

कासारवडवली, घोडबंदर रोड

आमचा मुलगा सरांकडेच शिकतो, म्हणून आधी लिहिते. आमच्याकडे चक्रच फिरायचं. प्लॅन १०० एमबीपीएसचा. यूट्यूबच्याच मदत-पानावर १०८० साठी ५ आणि ७२० साठी अडीच एमबीपीएस (१०८०, ७२० म्हणजे चित्रातल्या आडव्या ओळी, जास्त तितकं स्पष्ट) पुरतात असं दिलंय, म्हणजे आमच्याकडे रग्गड असायला हवं होतं. राउटरशेजारी उभं राहून मोजलं तर ९४ आले. मुलाच्या खोलीत रात्री आठ वाजता मोजले तर ३.

राउटर दारामागच्या चपलांच्या कपाटात होता, कारण फायबर डक्टमधून तिथे येते. फोनवर वायफायची यादी उघडली तर वरच्या-खालच्या मजल्यांची आणि समोरच्या विंगची मिळून पस्तीसच्या वर नावं. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यामध्ये एकमेकांच्या अंगावर न येणारे चॅनल तीनच असतात : १, ६ आणि ११. एवढी घरं त्या तिघांत दाटीवाटीने बोलत होती. रात्री आठला सगळे घरी येतात म्हणून आठलाच त्रास. राउटर कपाटातून काढून पॅसेजमध्ये उंचावर बसवला आणि मुलाचा टॅब ५ गिगाहर्ट्झवर जोडला. ५ ची लाट भिंतीतून नीट जात नाही, म्हणून खोलीचं दार उघडं ठेवावं लागतं. पण आता त्याच खोलीत, त्याच वेळेला ४० च्या आसपास मिळतात.

न सुटलेलं एक आहे. रस्त्याचं खोदकाम सुरू असलं की फायबर तुटते आणि दोन-दोन दिवस जातात. त्यावर माझ्याकडे उपाय नाही. सर, पाठ उतरवून ठेवायची सोय करता येईल का?

कोपरखैरणे, सेक्टर १९

माझा लॅपटॉप २०१४ चा आहे, आय-३, चौथ्या पिढीचा. सरांनी सांगितलेला दुसरा प्रकार : आवाज ठीक, चित्र गचके खात. नेटवाल्याला तीनदा बोलावलं. तिन्ही वेळा त्याने स्पीड दाखवला आणि तो बरोबरच होता.

उत्तर यूट्यूबच्या प्लेअरमध्येच लपलेलं होतं. चालू व्हिडिओवर उजवी क्लिक करा आणि 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' निवडा. दुसऱ्याच्या वेबसाइटवर बसवलेल्या यूट्यूब व्हिडिओवरही हे चालतं. 'बफर हेल्थ'मध्ये पुढचे किती सेकंद आधीच येऊन पडलेत ते दिसतं आणि 'फ्रेम्स'च्या ओळीत किती चित्रं गाळली ते. माझ्याकडे बफर वीस सेकंदांच्या वर होता आणि गाळलेल्या चित्रांचा आकडा भरभर वाढत होता. तेवढ्यात नेट दोषमुक्त झालं.

मग 'कोडेक्स'ची, म्हणजे व्हिडिओ कुठल्या पद्धतीने दाबलाय त्याची ओळ वाचली. तिथे व्हीपी०९ होतं. यूट्यूब शक्यतो व्हीपी९ किंवा एव्ही१ पाठवतं, कारण त्यात फाइल लहान होते. पण माझ्या प्रोसेसरला व्हीपी९ उलगडणारं खास सर्किट नाही. इंटेलने ते पूर्णपणे सातव्या पिढीपासून दिलं. एव्ही१ साठी तर अकरावी पिढी लागते. मग सगळा भार मुख्य प्रोसेसरवर येतो आणि सेकंदाला ६० चित्रांचा १०८० त्याला ओढवत नाही. एच.२६४ उलगडणारं सर्किट मात्र माझ्याकडेही आहे. 'एच२६४इफाय' नावाचं फुकट एक्स्टेन्शन ब्राउझरमध्ये घातलं. ते यूट्यूबला एच.२६४ च पाठवायला लावतं. दहा मिनिटांत एकही चित्र गळालं नाही. या पद्धतीत १०८० च्या वर काही मिळत नाही. माझ्या पडद्याला तेवढं पुरतं.

याआधी क्रोमच्या सेटिंगमध्ये, 'सिस्टिम'खाली, ग्राफिक्स अ‍ॅक्सेलरेशन चालू आहे ना ते बघा. माझ्या भावाने कधीतरी कुणाच्या सांगण्यावरून ते बंद केलं होतं. ते बंद असेल तर वरचं काहीही करून उपयोग नाही. उलट काही जुन्या ग्राफिक्स ड्रायव्हरवर ते चालू असल्यानेच चित्र फाटतं, तिथे बंद करून बघावं. दोन्ही करून बघा, ब्राउझर दरवेळी बंद करून पुन्हा उघडा.

कळवा

माझं छोटंसं. लॅपटॉप चार्जरला लावला की व्हिडिओ छान, काढला की तुटक. क्रोममध्ये 'एनर्जी सेव्हर' आहे, तो बॅटरीवर असताना चित्रांचा वेगही कमी करू शकतो. बंद केला, झालं.

वाशी, सेक्टर ९

आई रोज दुपारी एका मंदिराच्या वेबसाइटवर कीर्तन बघते. गुडघ्यांमुळे ती आता जाऊ शकत नाही, त्यामुळे हा तिचा दिवसातला महत्त्वाचा तास. कीर्तनकार निरूपणाच्या ऐन भरात आले की चक्र. ती मला म्हणायची, "राहू दे रे, मला गोष्ट माहीत आहे." मला ते ऐकवायचं नाही.

स्पीड टेस्ट प्रत्येक वेळी उत्तम. वायफायही नाही, थेट लॅन वायर. एका मित्राने पिंग करायला, म्हणजे छोटे संदेश पाठवून किती परत येतात ते बघायला सांगितलं : आधी घरच्या राउटरला, मग बाहेर. राउटरलाच शंभर पाठवले तर त्यातले सात परत आले नाहीत. म्हणजे गळती घरातच. इतकी थोडी गळती एवढा गोंधळ करते, कारण माहितीचा एखादा पुडका हरवला की पाठवणारा सर्व्हर रस्त्यात गर्दी आहे असं समजून वेग कमी करतो. पुन्हा हळूहळू वाढवतो, तोवर पुढचा हरवतो. थोड्या वेळाची स्पीड टेस्ट एकदम अनेक जोडण्या उघडून मोजते, म्हणून तिच्यात हे झाकलं जातं.

वायर सरकत्या खिडकीच्या चौकटीतून आत घेतलेली होती. खिडकी रोज बंद करताना ती चेपली जात होती. भिंतीत भोक पाडून नवी कॅट-६ वायर टाकली आणि शंभरातले शंभर परत आले. आईला फक्त एवढं सांगितलं की आता अडकणार नाही.

ऐरोली

कंपनीच्या लॅपटॉपवर काहीही लावलं तरी चक्र, त्याच वायफायवर माझ्या फोनवर सुरळीत. कारण व्हीपीएन, म्हणजे सगळी ये-जा कंपनीच्या जाळ्यातून नेणारी वाट. व्हिडिओ आधी दुसऱ्या शहरातल्या ऑफिसच्या सर्व्हरवर जाऊन मग ऐरोलीत येत होता. प्रशिक्षणाच्या साइटपुरती वाट वेगळी काढून द्या अशी आयटी विभागाला लेखी विनंती केली आणि त्यांनी ती मान्य केली. स्वतःहून व्हीपीएन बंद करू नका.

खारघर

मी वेबसाइट बनवते. आतापर्यंतचे सगळे अनुभव बघणाऱ्याच्या बाजूचे आहेत, मी दुसरी बाजू सांगते. सर, तुमची साइट उघडून पाहिली. रागावू नका, पण बराचसा त्रास तिथेच आहे आणि तो मुलांनी कितीही खटपट केली तरी जाणार नाही.

एक तर सगळे पाठ एकाच पानावर आहेत. यूट्यूबची प्रत्येक चौकट आपला स्वतंत्र प्लेअर आणि त्याच्या स्क्रिप्ट घेऊन येते. मूल एकच पाठ बघणार असतं, पण जुना टॅब आधी बाकीच्या सगळ्या चौकटी मांडत बसतो. प्रत्येक पाठाला वेगळं पान द्या. ते जमेपर्यंत आयफ्रेममध्ये (पानावर चौकट बसवणाऱ्या कोडमध्ये) 'लोडिंग'ला 'लेझी' एवढं जोडा, मग नजरेच्या जवळ आलेली चौकटच भरते. त्याहून चांगलं म्हणजे आधी नुसतं चित्र दाखवायचं आणि त्यावर टिचकी मारली की प्लेअर आणायचा.

दुसरं जास्त महत्त्वाचं आहे, ते तुमच्या होस्टिंगवरच्या फाइलींबद्दल. एमपी४ फाइलीत एक अनुक्रमणिका असते : कुठलं चित्र फाइलीत कुठे आहे याची. बहुतेक फोन ती चित्रण संपल्यावर, शेवटी लिहितात. ब्राउझरला मात्र ती सगळ्यात आधी लागते. सर्व्हर फाइलीचा मधला तुकडा काढून देत असेल तर ब्राउझर उडी मारून ती आणतो, नाहीतर अख्खी फाइल उतरेपर्यंत काळा पडदा. हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये 'वेब ऑप्टिमाइज्ड' अशी चौकट आहे, तिच्यावर खूण केली की अनुक्रमणिका पुढे येते.

हँडब्रेकमधून काढतानाच ७२० चं एच.२६४ करा आणि 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडा. फोन उजेडाप्रमाणे सेकंदाची चित्रं कमी-जास्त करतो आणि तुमच्या विषयात ते चालणार नाही. तुमची फाइल एकाच आकाराची असते. यूट्यूब नेट मंदावलं की आपोआप लहान आकारावर उतरतं, तुमच्या होस्टिंगला ते येत नाही. म्हणून मूळ फाइलच हलकी हवी.

नेरूळ, सेक्टर ६

मे महिन्यात दुपारी अडखळायचा, सकाळी नाही. लॅपटॉप गादीवर ठेवलेला असायचा, खालची जाळी बंद. तापला की प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो. पंख्यातली धूळ काढून घेतली आणि खाली लाकडी पाट ठेवला.

नौपाडा, ठाणे (पुन्हा मी)

खारघरच्या ताई, रागावण्याचा प्रश्नच नाही. कुणीतरी हे आधी सांगायला हवं होतं. होस्टिंगवरचे १९ पाठ रोज रात्री दोन-तीन करत हँडब्रेकमधून काढले. तिरकिट आणि धिरधिरचे पाठ ७२० लाच ठेवले, पण सेकंदाला ६० चित्रांनी पुन्हा चित्रित केले, म्हणजे एका अक्षराला सात चित्रं मिळतात. प्रत्येक पाठाचं पान वेगळं झालं आहे आणि प्रत्येकाखाली उतरवून घ्यायची लिंक दिली आहे. कासारवडवलीच्या ताई, खोदकाम सुरू व्हायच्या आत महिन्याचे पाठ घेऊन ठेवा.

कोपरखैरण्याच्या मित्राला विनंती : तुमच्या २०१४ च्या लॅपटॉपवर पाठ क्रमांक १२ एकदा लावून बघाल का? तो होस्टिंगवर आहे, यूट्यूबवर नाही, त्यामुळे आकडे दिसणार नाहीत. चौथ्या मिनिटाला द्रुत लयीत तिरकिट आहे. उजव्या हाताची बोटं वेगवेगळी दिसतात का, एवढंच सांगा.

कोपरखैरणे, सेक्टर १९

लावला. दिसतात. 'र'चं बोटसुद्धा.