बाबांच्या जुन्या कॉम्प्युटरवर दर वेळी पासवर्ड विचारतंय, ते बंद कसं करायचं? (विंडोज ७)

कराडचा_थोरला

नमस्कार मंडळी, गावी बाबांकडे २०११ मध्ये असेंबल केलेला डेस्कटॉप आहे, विंडोज ७, २ जीबी रॅम, हळू आहे पण अजून तक्रार नाही. बाबा त्याच्यावर पाणीपट्टीचा हिशेब एक्सेलमध्ये लिहितात आणि स्पायडर सॉलिटेअर खेळतात, आई पेनड्राइव्ह लावून कीर्तनं ऐकते, बस एवढंच. मे मध्ये भाचा आला होता, त्याने जाता जाता "आजोबा, सेफ्टी पाहिजे" म्हणून पासवर्ड घालून दिला आणि तो भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मे च्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवला. १ जूनला आईने पान उलटलं आणि बाबांचा मला फोन, "अरे कॉम्प्युटर बिघडला". पुण्यातून अर्धा तास फोनवर डोकं लावलं, मॉनिटरची वायर बघा, बटण दाबून धरा, सगळं झालं आणि शेवटी आईच म्हणाली की ते काहीतरी विचारतंय, त्याखाली चौकोन आहे.

पासवर्ड माहितीय आता, तो प्रश्न नाही. पण दुपारी लाइट जाते, यूपीएसची बॅटरी केव्हाच मेलीय, म्हणजे दिवसातून तीन-चारदा लॉगिन. आणि कधी कधी बरोबर टाकला तरी चुकीचा म्हणतो असं बाबांचं म्हणणं. मला एवढंच हवंय की बटण दाबलं की थेट डेस्कटॉप यावा. शनिवारी जातोय, एका खेपेत काम झालं पाहिजे.

खटपट्या

सोपंय. कीबोर्डवरचं खिडकीचं बटण आणि आर एकत्र दाबा, छोटी पट्टी येईल, त्यात एन ई टी पी एल डब्ल्यू आय झेड असं सलग टाइप करून एंटर. सगळ्या युजरची नावं असलेला बॉक्स उघडेल. आधी यादीत बाबांच्या नावावर क्लिक करा आणि मगच वरची 'युजर्स मस्ट एंटर अ युजर नेम अँड पासवर्ड' वाली टिक काढा, कारण टिक काढली की यादी फिकी होते आणि मग नाव निवडता येत नाही. अप्लाय केलं की पासवर्ड दोनदा विचारेल.

इथेच लोक गंडतात. तो बॉक्स तुमचा पासवर्ड खरा आहे का ते तपासत नाही, दोन्ही वेळा सारखाच टाकलाय का एवढंच बघतो, त्यामुळे तुम्ही दोन्हीकडे तीच चूक केलीत तरी ओके म्हणेल आणि पुढच्या वेळी चालू करताना पासवर्ड चुकीचा म्हणून अडून बसेल. घाबरायचं नाही, खरा पासवर्ड टाकून आत जायचं आणि परत तेच करायचं.

नुसतीच_वाचक

एवढं कशाला? अकाउंट एकच असेल तर कंट्रोल पॅनेल, युजर अकाउंट्स, रिमूव्ह युवर पासवर्ड. संपलं. आमच्या सासूबाईंच्या मशीनवर मी हेच केलंय.

खटपट्या

ताई, चालतं तसंही. पण त्या मशीनवरचा प्रिंटर किंवा फोल्डर कधी लॅपटॉपवरून वापरायचा झाला तर बिनपासवर्डच्या अकाउंटला विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही, समोर बसूनच वापरा म्हणतं. म्हणून मी पासवर्ड तसाच ठेवतो, फक्त विचारू नको सांगतो.

जुनं_ते_सोनं

बाबा आकडे कुठून टाकतात ते बघा बरं. उजवीकडच्या आकड्यांच्या ठोकळ्यातून टाकत असतील आणि नमलॉकचा दिवा बंद असेल तर आकडे उमटतच नाहीत, आणि चौकोनात सगळे काळे ठिपके, त्यात दोन ठिपके कमी आहेत हे म्हाताऱ्या माणसाला काय कळणार. आमच्या तीर्थरूपांनी यापायी एक कीबोर्ड बदलायला लावला होता.

अवांतर, आमच्या एक्सपीवर एकच अकाउंट, पासवर्ड नाही, तरी एके दिवसापासून चालू करताना एकच चित्र समोर यायला लागलं, त्याच्यावर क्लिक केल्याशिवाय पुढे जाईना. दोन वर्षं क्लिक केलं रोज. मग कळलं की कुठल्याशा सॉफ्टवेअरसाठी डॉट नेट १.१ टाकलं होतं, त्याने गुपचूप स्वतःचं एक अकाउंट बनवलेलं, ते दिसत नाही पण विंडोजच्या लेखी युजर दोन. इलाज वर खटपट्यांनी सांगितलेलाच, एक्सपीत फक्त कमांड वेगळी, कंट्रोल लिहून स्पेस आणि मग युजरपासवर्ड्स२.

सावध_पक्षी

करा, पण ब्राउझरमध्ये बँकेचे पासवर्ड सेव्ह केलेले नाहीत ना ते आधी बघा. विंडोज ७ चे अपडेट १४ जानेवारी २०२० ला बंद झालेत, त्यावर नेटबँकिंग नकोच, लॉगिन ठेवा नाहीतर काढा.

कराडचा_थोरला

बँकबिंक काही नाही, बाबा पासबुक भरून आणायला स्वतः जातात. सगळ्यांचे आभार, टिक काढली, तीनदा रीस्टार्ट करून बघितलं, थेट डेस्कटॉप, बाबा खूश. आणि हो, आकडे उजवीकडूनच टाकत होते!

पण आत्ता चहा घेऊन आलो तर स्क्रीन काळी, माउस हलवला तर परत पासवर्ड. आता काय?

खटपट्या

ते चालू होताना नाही, झोपेतून उठताना विचारतंय, ती सेटिंग निराळी. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, डावीकडे 'रिक्वायर अ पासवर्ड ऑन वेकअप'. पर्याय फिके दिसतील, वर 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल' अशी निळी ओळ असेल तिच्यावर आधी क्लिक करा, मग डोन्ट रिक्वायर निवडून सेव्ह. स्क्रीनसेव्हर लावलेला असेल तर त्याच्या खिडकीत 'ऑन रिझ्यूम, डिस्प्ले लॉगऑन स्क्रीन'ची टिक पण काढून टाका.

कराडचा_थोरला

झालं! दुसरीच टिक होती हो, भाच्याने बुडबुड्यांचा स्क्रीनसेव्हर लावलेला. आता शेवटचं एक, मगाशी लाइट गेली आणि आली तर विंडोजच्याही आधी काळ्या स्क्रीनवर एफ१ दाबा म्हणतंय, आणि खाली तारीख १ जानेवारी २०१०. बाबा म्हणतात ते तर वर्षभर करतंय, मी दाबतो.

जुनं_ते_सोनं

मदरबोर्डवरचा (आतल्या मुख्य पाटीवरचा) तारीख लक्षात ठेवणारा बटणसेल गेलाय. घड्याळवाल्याकडे सीआर २०३२ मागा. मेन स्विच बंद करून डबा उघडा, जुना काढताना सेलची कुठली बाजू वर होती ते मोबाइलवर फोटो काढून ठेवा. नवा बसवलात की एकदा बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंग्जमध्ये, जाऊन तारीख बरोबर करा आणि सेव्ह करून बाहेर या. एवढ्या मागच्या तारखेला निम्म्या वेबसाइटही उघडत नाहीत.

कराडचा_थोरला

घड्याळवाल्याकडे बाबाच निघालेत, चप्पल घालून झाली.