मेंदूचे भाग रंगवून शिकायचे आहेत, सुरुवात कशी करावी?

कृष्णाकाठ (सांगली):
धाकटी बहीण मिरजेला नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. मेंदूच्या भागांची नावं पाठ आहेत, आकृतीत जागा सापडत नाही. रंगवून अभ्यास करायचा म्हणते. आकृत्या कोणत्या, रंग कोणते?

मिरजकर:
आधी दोनच आकृत्या घ्या : बाहेरून दिसणारी डावी बाजू आणि मधोमध घेतलेला उभा छेद. नावं नसलेली रेषाकृती ए-थ्रीवर मोठी करून चार-पाच झेरॉक्स काढा. झेरॉक्सच्या कागदावर स्केचपेन मागे उमटतं आणि तेलकट खडूखाली बारीक रेषा बुजतात, म्हणून लाकडी रंगपेन्सिलीच बऱ्या.

लगेच रंग भरू नका. आधी सेंट्रल सल्कस आणि लॅटरल सल्कस या दोन खाचा ठळक गिरवा. मेंदूचे खंड (लोब) यांवरून लागतात : सेंट्रलच्या पुढे फ्रंटल, मागे परायटल, लॅटरलच्या खाली टेंपोरल. सगळ्यात मागच्या ऑक्सिपिटल खंडापाशी बहुतेक जण अडकतात, कारण परायटो-ऑक्सिपिटल खाच बाहेरून वरच्या काठाशी जेमतेम दिसते. तिथून खालच्या काठावरच्या प्रीऑक्सिपिटल नॉचपर्यंत (छोट्या खोबणीपर्यंत) तुटक रेघ ओढा. बाहेरच्या बाजूला ही हद्द मानलेलीच असते.

मग सेंट्रलला लागून असलेल्या दोन वळ्या गडद करा : पुढची हालचालीची, मागची स्पर्शाची.

शरीरशास्त्र_सातारा:
उभ्या छेदात कॉर्पस कॅलोसम (मेंदूचे दोन अर्धे जोडणारा पट्टा) पहिलं रंगवा, बाकीच्या जागा त्यावरून लागतात. त्याच्या खाली थॅलॅमस, थॅलॅमसच्या खाली नि पुढे हायपोथॅलॅमस, त्याला लोंबणारी पिट्युटरी ग्रंथी. थॅलॅमस-हायपोथॅलॅमसला जवळजवळचे रंग दिले की परीक्षेत हमखास गोंधळ होतो. मग ब्रेनस्टेमचे (मेंदूच्या देठाचे) भाग : मिडब्रेन, पॉन्स, मेड्युला वरून खाली याच क्रमाने. पॉन्स-मेड्युला आणि सेरेबेलम (लहान मेंदू) यांच्यामधली पोकळी म्हणजे चौथं व्हेंट्रिकल, ती फिकट निळी ठेवा. एका भागाला एकदा दिलेला रंग सगळ्या आकृत्यांत तोच हवा.

कृष्णाकाठ:
एवढ्यानं लक्षात राहील का?

मिरजकर:
नुसतं रंगवून नाही. रंग भरण्याआधी नाव आणि काम मोठ्यानं म्हणायचं, आणि दुसऱ्या दिवशी कोरी प्रत न बघता भरायची. चुकलेला भाग तेवढाच पुन्हा.

शरीरशास्त्र_सातारा:
हे जमलं की त्याच आकृत्यांच्या नव्या प्रतींवर रक्तवाहिन्यांची क्षेत्रं रंगवायला सांगा. बाहेरची बहुतेक बाजू मिडल सेरेब्रल धमनीची. मधल्या बाजूचा पुढचा भाग अँटेरिअर सेरेब्रलचा, आणि पायाच्या हालचालीची जागा त्यातच येते. म्हणून मिडल सेरेब्रल तुंबली तर चेहरा नि हात जास्त लुळे पडतात, अँटेरिअर तुंबली तर पाय. वॉर्डात पक्षाघाताचा रुग्ण बघताना हेच कामाला येतं.