प्रतिसाद: मुलांच्या बागेत फुलपाखरं का टिकत नाहीत

मुलांच्या बागेत झेंडू-जास्वंद लावूनही फुलपाखरं थांबत नाहीत, अशी तक्रार आहे. फुलांवर ती फक्त मकरंद प्यायला येतात. अंडी घालायला त्यांना ठरावीक झाडंच लागतात. कढीपत्ता किंवा लिंबू लावा, त्यावर कॉमन मॉरमॉन हे फुलपाखरू येतं. पानफुटीवर रेड पिअरो. रुईवर प्लेन टायगर, पण रुईचा चीक डोळ्यांना घातक, म्हणून ती कुंपणाच्या बाहेरच बरी.

लिंबाच्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काही दिसलं तर पुसू नका, ती बहुधा फुलपाखराची अळीच असते. पानं कुरतडलेली दिसली की माळी फवारा मारतो आणि खेळ तिथंच आटपतो; त्याला आधीच सांगून ठेवा (दोनदा!). उन्हात उथळ परातीत वाळू-माती ओली करून ठेवा, क्षार शोषायला फुलपाखरं बसतात. पाणी मात्र साचू देऊ नका, डास होतील.